मावशींच्या हातची भाकर

एसटीत कितीही गर्दी असो, मावशींच्या शेजारची जागा रिकामी राहायची. हिंगोलीहून नांदेडला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत लोक दांड्याला लोंबकळत उभे असायचे, बायका लेकरं काखेत घेऊन ड्रायव्हरजवळच्या बॉनेटवर टेकायच्या आणि मधल्या एका बाकावर, खिडकीशी, मावशी एकट्या. कुणी नवखा घाईघाईत येऊन बसलाच, तर थोड्या वेळानं त्याची नजर त्यांच्या हातांवर जायची. मग कळमनुरी यायच्या आत त्याला पुढं कुणीतरी ओळखीचं दिसायचं आणि तो उठून जायचा. मी धावतपळत शेवटी गाडीत चढायचे. मला बघून मावशी पदरानं बाक पुसायच्या आणि म्हणायच्या, "या वकीलबाई. माझ्यापाशी जागेची कधी तकलीफ न्हाई."

एवढं बोलून त्या हसायच्या. कोर्टाच्या पहिल्या तारखेला त्या हसण्यावर काय करावं ते मला कळेना. दोन-चार तारखांनंतर मीही हसायला लागले.

त्यांचं नाव गयाबाई. कोर्टात पुकारा व्हायचा तो त्याच नावानं, पण हिंगोलीत त्यांना सगळे भाकरवाली मावशी म्हणत. गाव सेनगाव तालुक्यातलं साखरा. तिथली कोरडवाहू जमीन नवरा करायचा. मावशी हिंगोलीत एक खोली घेऊन राहायच्या आणि हॉटेलात भाकरी करायच्या. हॉटेल एका शेठचं होतं. आधी एक होतं, मग चालायला लागलं तशी त्यांनी आणखी तीन काढली. एक जवळा बाजारला, बाकीची रस्त्यावर फाट्याफाट्याला. चारही ठिकाणी पाटी एक, थाळी एक आणि दारातच मांडलेली चूल. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भाकरी थापायची ही कल्पना शेठची. पण ती चालली मावशींच्या हातांमुळे. बाकीच्या तीन हॉटेलांतल्या बायकांनाही त्यांनीच तयार केलं होतं.

मला वकिलीची सनद मिळाली त्या दिवशी माझे वडील आम्हाला तिथं जेवायला घेऊन गेले होते. वडील डेपोत मेकॅनिक होते; हॉटेलात जेवणं आमच्या घरात सणासुदीलाही नसायचं. मी चुलीजवळच्याच टेबलावर बसले होते. मावशींनी काठवटीत पीठ मळलं, गोळा हातावर फिरवला आणि थापायला घेतला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. घाई नाही, जोर नाही, पावसाळ्यात पागोळ्या पडाव्यात तसा एकसारखा. भाकरी तव्यावरून काढून आराला उभी केली की टम्म फुगायची. मी बघतेय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"काय पाहून राहिली पोरी?"

"आमच्या घरी अशी फुगत नाही."

"घाई करत असाल. भाकरीला हात कळतो."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. पीठ कसंही असो, जळण ओलं असो, चूल कुणाचीही असो. भाकरीला हात कळतो. पुढं हेच वाक्य त्यांच्याकडून ऐकताना मला कसंतरी व्हायचं.

कोड पहिल्यांदा फुटलं ते उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात. भाजल्याचा डाग असेल म्हणून मावशींनी खोबरेल लावलं. मग ते बोटांवर पसरलं, मनगटावर आलं, डाव्या हातालाही फुटलं. एका दुपारी कुटुंब घेऊन आलेल्या गिऱ्हाइकानं ताट तसंच सोडलं आणि गल्ल्यावर जाऊन मोठ्यानं सांगितलं, "त्या बाईचे हात बघा आधी." सगळं हॉटेल चुलीकडं वळून बघायला लागलं. मावशींच्या हातात तेव्हा अर्धी थापलेली भाकरी होती. ती पुरी केली, भाजली, टोपल्यात ठेवली आणि मगच त्या उठल्या, असं त्यांनी मला सांगितलं. "अर्धी कशी टाकावं?"

शेठ वाईट माणूस नव्हते, हे मावशी शेवटपर्यंत म्हणत. त्यांनी आधी रबरी हातमोजे आणून दिले. ते घालून मावशींनी एक भाकरी करून बघितली. ती काठवटीलाच चिकटली. मग त्यांना मागच्या बाजूला धान्य निवडायला बसवलं. तिथल्या बायका म्हणाल्या, आमच्या सुपाला हात लावू देऊ नका. मग झाडलोट दिली. झाडू वेगळा ठेवला. पाणी प्यायला कान तुटलेला एक कप वेगळा ठेवला. आणि एका संध्याकाळी शेठ म्हणाले, "मावशी, तुम्ही आता आराम करा. उद्यापासून येऊ नका."

"आराम करायला मी काय थकले का?" मावशींनी विचारलं होतं. शेठ आत गेले.

हिंगोली तेव्हा नुकतीच जिल्ह्याचं ठिकाण झाली होती. रोज नवं ऑफिस उघडत होतं, पण कामगारांचं कोर्ट आम्हाला नांदेडलाच होतं. माझ्या सीनियरकडं मावशी आल्या तेव्हा त्यांनी फाइल न उघडताच माझ्याकडं सरकवली. "बाईमाणसाची केस आहे, तू बघ." नोटीस नाही, चौकशी नाही, इतक्या वर्षांच्या कामगाराला एका शब्दात काढलेलं. कायद्याच्या दृष्टीनं सरळ केस होती. बाररूममध्ये बाई मी एकटीच. तिथं मला लवकरच "कोडवाली वकील" असं नाव पडलं. मी केस सोडणार नाही हे मी कुणाला म्हटलं नाही. सोडायची कल्पनाच मला सुचली नव्हती.

शेठच्या वकिलांचं लेखी म्हणणं आलं. मी ते मावशींना वाचून दाखवलं. ही बाई आमच्याकडं कामाला कधीच नव्हती. अधूनमधून येऊन पीठ-मीठ मागून नेत असे.

मावशींनी मला ते परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "काढलं त्याचं वाईट वाटलं व्हतं. पण नव्हतेच म्हणतात? मंग इतके दिवस तिथं कोण व्हतं?"

त्या दिवसापासून त्यांना केसची गोडी लागली, असं म्हटलं तरी चालेल. त्याआधी त्या माझ्या मागोमाग येत. त्यानंतर मी त्यांच्या मागोमाग जायला लागले. तारखेच्या दिवशी स्टँडवर माझ्याआधी हजर. पावसात, उन्हाळ्यात, एसटीच्या संपात मिळेल त्या गाड्या बदलत. तारीख पडायची, आम्ही परत यायचो. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. "घरी तरी कोण वाट पाहून राहिलं?" एवढंच म्हणायच्या.

एकदा उन्हाळ्यात गाडीत मी माझी पाण्याची बाटली त्यांच्यापुढं केली. त्यांनी ओंजळ पुढं केली.

"तोंडाला लावा मावशी."

"नको. तुमाला प्यायचं हाय परत."

"मीही तोंडालाच लावून पिणार आहे."

त्यांनी बाटली घेतली, पण प्यायल्या नाहीत. मांडीवर धरून बसल्या. बाहेर बघत, हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं घर बौद्धाचं ना?"

"हो."

"आमच्या साखऱ्यात तुमच्या लोकाईला आमी वरून पाणी टाकत व्हतो. मीबी टाकलं हाय. ओंजळीत. कधी मनातबी आलं न्हाई काही." मग बाटलीचं झाकण काढून त्या घटाघटा प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसत बाटली मला परत दिली. "आता मला टाकून राहिले, तव्हा समजलं."

मी घरी ते आईला सांगितलं. आई भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "उशिरा का होईना, समजलं," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "रविवारी जेवायला बोलाव तिला."

मावशी आल्या त्या दाराशीच अवघडून उभ्या राहिल्या. बसायला सतरंजी टाकली तर तिच्या कडेला बसल्या. आईनं त्यांना काही विचारलं नाही की धीर दिला नाही. सरळ पिठाचा डबा त्यांच्यापुढं सरकवला. "गयाबाई, पोरगी म्हणते तुमच्या हातची भाकर फुगते. दाखवा बरं."

मावशी आईकडं बघत राहिल्या. "अक्का, हात पाहिले का तुमी माझे?"

"पाहिले. धुवा आणि बसा."

आमच्या गॅसवर त्यांनी भाकरी केल्या. पहिल्या दोन कडेला चिरल्या. तिसऱ्या भाकरीपासून तो आवाज पुन्हा जमला. आम्ही जेवलो. वडील एक भाकरी जास्त जेवले. मावशी मात्र आमचं होईपर्यंत चुलीजवळ बसावं तशा शेगडीजवळ बसून राहिल्या, आमच्या घासाघासाकडं बघत. त्यानंतर त्या बऱ्याच रविवारी यायच्या. आई आणि त्या फारसं बोलत नसत. दोघी लसूण सोलत बसायच्या.

त्यांच्या मुलीच्या लग्नाचा दिवस मी कधी विसरणार नाही. मुलगी, कांता, साखऱ्याला बापाजवळ असायची. तिची दोन स्थळं आईच्या कोडापायी मोडली होती, एवढं मला माहीत होतं. त्या दिवशी आमची तारीख होती. गाडीत चढले तर मावशी नवीकोरी हिरवी साडी नेसून बसलेल्या. डोक्याला तेल, हातात नव्या बांगड्या. पांढऱ्या मनगटांवर त्या हिरव्यागार दिसत होत्या.

"मावशी, आज काय विशेष?"

"आज कांताचं लगीन हाय. जवळा बाजारला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मग तुम्ही इथं काय करताय?"

"तारीख हाय ना आपली." त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. "नवरदेवाकडच्याईला सांगितलं हाय, पोरीची माय दवाखान्यात भरती हाय म्हणून. मीच म्हणले तसं सांगा. पोरगी रडली. तिला म्हणले, तुझं होऊ दे आधी. माय कुठं पळून चालली?"

नांदेडला पोचलो. शेठचे वकील आलेच नव्हते. पुढची तारीख मिळाली. काम असं काही झालंच नाही. मी म्हणाले, "चला, जवळा बाजारची गाडी मिळते का बघू. लांबून तरी बघा."

"लांबून पाह्यला ती काय सर्कस हाय?" त्या चिडून म्हणाल्या. माझ्यावर चिडलेलं मी त्यांना तेवढंच एकदा बघितलं.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली आम्ही बसलो. त्या दर थोड्या वेळानं मला किती वाजले ते विचारत होत्या. मुहूर्त दुपारचा होता. मी वेळ झाल्याचं सांगितल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली. त्यात हळदकुंकवानं रंगवलेली मूठभर ज्वारी होती. आमच्या भागात अक्षता ज्वारीच्याच असतात. त्या उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला. आजूबाजूला वकील, पक्षकार, चहावाले, सगळी वर्दळ चालू होती. मावशी ओठांतल्या ओठांत मंगलाष्टक म्हणत होत्या. त्यांना ते अर्धंच येत होतं. तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत त्या समोर, मोकळ्या जागी, चिमूट चिमूट अक्षता टाकत राहिल्या. थोडी ज्वारी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मीही टाकली. संपल्यावर त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "झालं. आता जेवायच्या पंगती बसल्या असतील." मग त्यांनी सोबत आणलेली भाकरी सोडली आणि आम्ही दोघींनी खाल्ली.

मावशी शेठकडं कामाला होत्या हे सांगायला हॉटेलातलं कुणी तयार नव्हतं. ज्या बायकांना त्यांनी शिकवलं त्याही नाही. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना रोज तिथंच जायचं होतं. शेवटी साक्षीला उभे राहिले ते पेंटरचाचा. शेठच्या चारही हॉटेलांच्या भिंतींवर चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या बाईचं मोठं चित्र होतं. ते त्यांनी काढलेलं. कोर्टात यायला मी त्यांना भीतभीतच विचारलं होतं, कारण शेठचं सगळं रंगकाम त्यांच्याकडं असायचं. ते म्हणाले, "मैं आता ना. झूट बोलना नको, सच बोलने कू क्या डर?"

शेठच्या वकिलांनी त्यांना विचारलं, "भाकरी करणारी कोणतीही बाई अशीच दिसते. हीच बाई कशावरून?"

"सामने बैठ के निकाला साब. हनुवटी पे गोंदन है, देख लो. चित्र में बी है."

"या बाईच्या हातांवर पांढरे डाग आहेत. चित्रात कुठं आहेत?"

पेंटरचाचांनी मावशींकडं बघितलं, मग वकिलांकडं. "तब नहीं थे साब. अब बोलो तो जाके लगा देता. सफेद रंग पड़ा है मेरे पास."

कोर्टात हशा पिकला. जज्जसाहेबही खाली बघून हसले. मी मावशींकडं वळून बघितलं, मला भीती होती त्यांना लागलं असेल. त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसत होत्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आपलं म्हणणं टिकत नाही हे बघून दुसऱ्या बाजूनं नवीन मुद्दा काढला. रोग पसरू नये म्हणून बाईला कामावरून कमी करावं लागलं. मी सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, कोड हा स्पर्शानं लागणारा आजार नाही. ना हातानं, ना अन्नानं. जज्जसाहेबांनी शेठच्या वकिलांना विचारलं, "बाई तुमच्याकडं नव्हतीच म्हणता. मग रोगामुळं कमी कुणाला केलं?"

निकाल लागायला पुढं आणखी बराच काळ गेला, पण तो त्या दिवशीच लागल्यासारखा होता. मावशींना परत कामावर घ्यावं आणि मधल्या काळाचा निम्मा पगार द्यावा, असा हुकूम झाला. मी पहिल्यांदा मोठी केस जिंकले होते. सीनियरनी पेढे मागवले. मावशींनी पेढा हातात धरून विचारलं, "उद्यापासून जाऊ?"

"उद्यापासून जा."

त्या सकाळी लवकर गेल्या. धुतलेलं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. शेठनी त्यांना नमस्कार केला, या म्हणाले. हजेरीला नाव लावलं. आणि हॉटेलच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, एक प्लास्टिकची खुर्ची टाकून दिली. "बसा मावशी."

महिनाभरानं मी बघायला गेले तेव्हा त्या तिथंच बसल्या होत्या. समोर भिंत. पुढं दारातल्या चुलीवर दुसरी बाई भाकरी करत होती, तिचा थापण्याचा आवाज मागपर्यंत येत होता. मोऱ्यांकडं जाणारे वाढपी त्यांच्या अंगाला लागू नये म्हणून जरा वळून जात. पगार वेळेवर मिळत होता. कुणी उणा शब्द बोलत नव्हतं. कुणी काहीच बोलत नव्हतं.

"काय करता दिवसभर?"

"ऐकते." त्यांनी पुढच्या आवाजाकडं मान केली. "ती पाणी जास्त घालून राहिली. सांगावं वाटतं."

मी भडकले. म्हणाले, हा हुकुमाचा अपमान आहे, मी पुन्हा अर्ज करते, शेठला कोर्टात उभं करते. मावशींनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "कोर्टानं काय लिहिलं? कामावर घ्या. घेतलं त्यानं. गयाबाईच्या हातची भाकर खा, असं कोर्ट कसं लिहील लोकाईला?"

अर्ज मी केला नाही. 

हळदीच्या हंगामात एकदा मोंढ्यावर माल घेऊन आलेला एक म्हातारा शेतकरी हात धुवायला मागं आला. त्यानं मावशींना ओळखलं. "तू इथं हाय व्हय? मला वाटलं सोडून गेली. चाल, एक भाकर टाक मला." मावशींनी पुढं येऊन शेठकडं बघितलं, शेठनी गल्ल्यातून मान वर केली नाही. चुलीवरची बाई बाजूला सरकली. मावशींनी एक भाकरी केली. म्हाताऱ्यानं ती ठेच्यासोबत खाल्ली आणि "बराबर" म्हणाला. त्याच्या सोबतचा माणूस मात्र तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला. ही एवढीशी गोष्ट मावशी आमच्याकडं आल्या की दर रविवारी सांगायच्या. आईनं दर वेळी नव्यानं ऐकली. तो म्हातारा पुढच्या हंगामात आला नाही.

दिवाळीनंतर एके दिवशी त्या खुर्चीवरून उठल्या आणि गल्ल्यापाशी जाऊन शेठला म्हणाल्या, "जाते मी."

शेठ गोंधळले. "काहून मावशी? काही कमी पडलं का? कुणी बोललं का?"

"कुणी बोललं असतं तर ऱ्हायले असते."

खोली मोकळी करून त्या साखऱ्याला गेल्या. नवऱ्यानं घराला लागूनच एक पडवी त्यांना काढून दिली होती. चूल वेगळी, भांडी वेगळी. स्टँडवर निरोप द्यायला मी आणि आई गेलो होतो. आईनं त्यांना चादर दिली. मावशी मला म्हणाल्या, "नीट जेवत जा पोरी. लई वाळली." त्या मला वकीलबाई सोडून पोरी कधीपासून म्हणायला लागल्या होत्या, ते मला आठवत नाही.

पुढं माझं लग्न झालं, काम वाढलं. साखऱ्याला आईच अधूनमधून जायची. परत आली की म्हणायची, "बरी आहे. कुणी येईल म्हणून दोघांपुरतं करते. एकटीच खाते." तापाचं निमित्त होऊन मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टातून तशीच निघाले. आईला घेतलं.

अंगणात माणसं जमली होती. मावशींना बाहेर आणून पाटावर बसवायचं होतं, शेवटची अंघोळ घालायची होती. पाणी तापलं होतं. बायका होत्या, पण एक म्हणे माझं अंग दुखतं, दुसरी म्हणे जावेला येऊ द्या, तिसरी पाण्यात हात घालून बघत म्हणाली, अजून कोमट हाय. पाणी चांगलं कढत होतं.

तेवढ्यात जवळा बाजारहून कांता आली. नवरा सोबत होता. तो फाटकाशीच थांबला. तिच्या कडेवर लेकरू होतं, ते तिनं माझ्या आईजवळ दिलं. कुणाशी बोलली नाही. पदर खोचला, बांगड्या मागं सारल्या आणि मावशींच्या अंगावर पाणी घालायला लागली. चेहरा धुतला, पाठ चोळली. मग एकेक हात आपल्या हातात घेऊन, एकेक बोट, बेचक्यातून, मनगटापर्यंत, सावकाश धुतलं. तिला कसलीच घाई नव्हती. 

सगळं आटोपल्यावर मी आणि आई फाट्यावर गाडीची वाट बघत पुलाच्या कठड्यावर बसलो होतो. कांता आम्हाला सोडायला म्हणून आली आणि शेजारी टेकली. 

"वकीलबाई, माय कोर्टात काय बोलली? मला कुणी सांगितलंच न्हाई. बाबा म्हणायचे, केस जिंकली, झालं."

मी तिला सांगायला लागले. पेंटरचाचांचं सांगितलं, ती थोडी हसली. तारखांचं सांगितलं. लिंबाखालच्या अक्षतांचं सांगितलं, तेव्हा तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं. मग मी मावशींच्या उलटतपासणीवर आले आणि अडखळले. पण ते भर कोर्टात बोललेलं होतं आणि तिनं विचारलं होतं. मी सांगितलं.

शेठच्या वकिलांनी मावशींना विचारलं होतं, "बाई, खरं सांगा. तुमच्या घरचे लोक तरी तुमच्या हातचं खातात का?"

मावशी पिंजऱ्यात खाली बघत उभ्या राहिल्या होत्या. जज्जसाहेब म्हणाले, उत्तर द्या. त्या म्हणाल्या, "न्हाई साहेब. खात न्हाईत."

"मग आमच्या पक्षकाराचंच काय चुकलं?"

"त्याईचंबी चुकलं अन् शेठचंबी चुकलं," मावशी म्हणाल्या होत्या. "पण घरच्याईवर केस करता येत न्हाई साहेब. म्हणून शेठवर केली."

कांता आपल्या हातांकडं बघत होती. तिच्या हातांना अजून अंघोळीच्या पाण्याचा, शिकेकाईचा वास होता. सेनगावकडून गाडी आली, थांबली. कंडक्टरनं हाक दिली. आई उठून उभी राहिली, मी पर्स उचलली.

कांतानं माझं मनगट धरलं.

"दुसरी येईल ना गाडी?" ती म्हणाली. "अजून सांगा."

कंडक्टरनं घंटी मारली. आई परत खाली बसली, आणि मीही.